प्रायमरवर आवळलेला बोल्ट

अहो वायरमन, हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. अक्षर कितीही मोठं काढलं तरी तुम्ही कागद हातभर लांब धराल, मग मान मागे न्याल, मग म्हणाल, "शाई फिकी आहे." शाई फिकी नाही. पेन नवं आहे. तेव्हा हे पत्र तुमची मुलगीच तुम्हाला वाचून दाखवणार, आणि म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. तिला काही माहीत नसणार. तुम्ही तिला सांगितलं असेल की वय झालं, कंटाळा आला, म्हणून गॅरेज सोडलं. मुली, तसं झालेलं नाही. मोठ्यानं वाच. मध्येच ते "पुरे, उरलेलं उद्या" म्हणाले तर थांबू नकोस.

मी फार रागावले आहे. कोणावर, ते लिहिता लिहिता ठरेल. यादी मोठी आहे आणि तिच्यात मीही आहे.

मुली, तुझे वडील गाड्यांच्या विजेचं काम करायचे एवढं तुला माहीत आहे. कसं करायचे ते माहीत नसेल, कारण घरच्यांना ते कधीच माहीत नसतं. घरच्यांना फक्त बॅटरीच्या अ‍ॅसिडनं भोकं पडलेले शर्ट माहीत असतात. गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं एक स्टूल होतं, पत्र्याचं, तीन पायांचं. चौथा पाय कधी गेला ते कोणाला आठवत नव्हतं. शर्टाच्या खिशात एक बल्ब. गाडीच्या जुन्या दिव्याचा, त्याला दोन वायरी लावलेल्या, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला घासून अणकुचीदार केलेला खिळा. सगळं गॅरेज त्यांना बल्बकाका म्हणायचं. मी वायरमन म्हणायचे. मला कोणाला काका म्हणण्याचं वय उरलेलं नाही, मी त्यांच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठी आहे.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं ना, वायरमन? अकरा वर्षं झाली. मी ब्रेक दाबला की माझ्या गाडीचा मागचा वळायचा दिवा मिणमिणायला लागायचा. मी तुम्हाला ऐटीत सांगितलं की स्विच बिघडलाय. तुम्ही स्विचकडे बघितलंही नाहीत. मागच्या दिव्यापाशी बसलात, बल्ब लावलात, आणि म्हणालात, "बाई, वीज येते कुठून ते सगळे बघतात. परत कुठून जाते ते कोणी बघत नाही."

मी कॉलेजात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. टेबलावर दोन तारा जोडायच्या, दिवा लावून दाखवायचा, मुलांनी वहीत आकृती काढायची. गाडीत दुसरी तार नसते, गाडीचा पत्राच तिचं काम करतो, तोच विजेला बॅटरीकडे परत नेतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तुम्ही आठवीपर्यंत शिकलेले. तिथून थेट बॅटऱ्या चार्ज करायच्या दुकानात. तुम्ही खडू घेतलात, गॅरेजच्या तेलकट जमिनीवर गाडी काढलीत, बॅटरी काढलीत, बॅटरीतून निघून पत्र्याला बोल्टनं जोडलेली जाड काळी वायर काढलीत, आणि वर मला विचारलंत, "समजलं का, बाई?" तोपर्यंत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारायचं काम माझं होतं. मी म्हटलं, "समजलं." तुम्ही म्हणालात, "मग आता तुम्ही सांगा." मला सांगावं लागलं. मार्क दिले नाहीत एवढंच.

त्या बोल्टाचं तुम्हाला केवढं वेड. बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये काही म्हणजे काही नको. गंज नको, तेल नको, रंग तर नकोच. कानस घ्यायची, पत्रा घासायचा, चांदीसारखा चकाकला की मगच वायर ठेवायची आणि आवळायचं. मालकाच्या भाच्याकडून तुम्ही एकदा एकच बोल्ट तीनदा उघडून घेतलात, माझ्यासमोर. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "काका, एवढं लग्नाच्या मुलीलाही कोणी न्याहाळत नाही." तुम्ही म्हणालात, "ती बोलू शकते. बोल्ट बोलत नाही. चौथ्यांदा उघड."

इथवर ठीक. आता तुमच्या डोळ्यांकडे येते. चुळबुळ करू नका.

गेल्या वर्षी एकदा तुम्ही माझ्यासमोर एक फ्यूज धरलात. "बाई, हा दहाचा का पंधराचा? हात खराब आहेत माझे." हात खराब असले म्हणजे डोळ्यांना काय होतं? आकडा फ्यूजवर छापलेला होता. मी वाचला. मग मी लक्ष ठेवायला लागले. नवे फ्यूज तुम्ही रंगावरून ओळखायचात, लाल दहाचा, निळा पंधराचा. रंग उडालेले जुने फ्यूज मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायचात, बघ रे जरा म्हणून. वायर कुठे सोललीय ते बोटानं चाचपायचात. बोटं इतकी तयार की कोणाला कळलं नाही. मला कळलं, कारण परीक्षेत कॉपी करणारी पोरं मी एकतीस वर्षं पकडली आहेत. न येणारी गोष्ट येते असं दाखवणाऱ्या माणसाचे खांदे मला लांबून ओळखू येतात.

मी सरळ विचारलं. तुम्ही सरळ नाकारलंत. मी परत विचारलं. मग तुम्ही वेल्डरचं सांगितलंत. गॅरेजचा जुना वेल्डर, त्याला दिसेनासं झालं आणि त्यानं ते मालकाला प्रामाणिकपणे सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो फाटकावर बसायला लागला, गाड्या आत घ्यायला. चोवीस वर्षं जोडकाम केलेला माणूस हात हलवून म्हणतो, घ्या, घ्या, मागे घ्या. "मला फाटकावर नाही बसायचं, बाई," एवढं बोलून तुम्ही खिळ्याला धार लावायला लागलात.

पण वेल्डरचे डोळे गेले होते. तुमचे काय गेले होते? पन्नाशीनंतर सगळ्यांना लागतो तो जवळचा चष्मा. शेंबड्या पोराला कळेल एवढी साधी गोष्ट. ते तुम्हाला पटवायला मला पाच महिने लागले. शेवटी एका गुरुवारी दुपारी गाडीचा आवाज ऐकायचा आहे असं खोटं सांगून मी तुम्हाला गॅरेजबाहेर काढलं आणि थेट चष्म्याच्या दुकानात नेलं.

तिथे काय तमाशा केलात. दुकानदारानं वाचायला कार्ड दिलं, तर म्हणे छपाई वाईट आहे. दुसरं दिलं, तर म्हणे ही भाषा जुनी आहे. त्यानं भिंग लावलं तेव्हा मात्र तुम्ही कार्ड खालपर्यंत वाचलंत, अगदी छापखान्याचं नावसुद्धा. मग कार्ड खाली ठेवून स्वतःचे हात बघत बसलात. नखं, कापल्याच्या खुणा, सगळं. मी तेव्हा दुसरीकडे बघितलं. फ्रेमच्या वेळी परत मूळपदावर. मी काळी, जाड निवडली. "यात मी हेडमास्तर दिसतो." मी म्हटलं, "दिसा. बिघडलं काय?" दुकानदार म्हणाला, चार दिवसांनी या, नाक बघून काड्या वाकवून देतो. पावती मी घेतली, कारण तुमच्या खिशात ती बल्बच्या वायरीत फाटली असती. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली.

चार दिवसांनी मी फोन केला. "चष्मा आला. चला."

"तुम्हीच घेऊन या की, बाई. तुमच्याकडे गाडी आहे."

"नाक माझ्याकडे नाही. त्याला तुमचं नाक लागतंय."

"नाकाचं मी बघतो वाकवून. पक्कड आहे."

"पक्कडीनं चष्मा वाकवणार? आणि मी काय तुमची पोस्टमन आहे? दहा मिनिटांचं काम आहे."

"मग दहा मिनिटांचं तुम्हीच करा."

मी फोन आपटला. आता काय सांगू मुली, मला तेव्हा कळत होतं की हा माणूस दुकानात घाबरला होता, त्याला परत त्या खुर्चीत बसायचं नव्हतं. कळत असून मी अडून बसले. मला वाटलं, एकदा तरी यांनी स्वतःहून यावं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची, ते एकसष्टचे, आणि दोघांची अक्कल मिळून सहा वर्षांच्या पोराएवढी. तीन आठवडे गेले.

तीन आठवड्यांनी मी माझ्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली. पुढचा पत्रा चेपला, ठोकून रंगवायला गॅरेजात दिला. पेंटरनं आतबाहेर प्रायमर मारला. रंगाच्या खाली देतात तो, राखाडी. पत्रा जागेवर आला, बॅटरी जागेवर आली, काळी वायर बोल्टखाली आली. त्या गाडीत इंजिनाकडे जाणारी पट्टीही त्याच बोल्टवर आहे, म्हणजे विजेला परतीची वाट ती एकच. दोन महिने गाडी ठीक चालली.

याच दोन महिन्यांत मालकानं स्कॅनर आणला. काळ्या पेटीतलं यंत्र, गाडीला लावलं की पडद्यावर दोष लिहून दाखवतं. ते चालवायला भाचा. आणि तुम्हाला मालक म्हणाला, महिनाअखेरीपासून वायरिंगचं सगळं भाच्याकडे, तुम्ही बॅटऱ्यांत पाणी घालायला येत जा. स्टूलही हलवायचं होतं, पेटीला टेबल हवं म्हणून. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. पेंटरनं सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात, एका सकाळी, माझी गाडी मेली.

बिघडली नाही, मेली. किल्लीचं बटण दाबलं, दार उघडेना. किल्ली घालून उघडलं तर आतला दिवा नाही. किल्ली फिरवली तर काट्यांमागचा उजेड नाही, टिक नाही, टक नाही. हॉर्न दाबला, जसं काही उशी दाबली. गॅरेजवाले येऊन ओढून घेऊन गेले, मी त्यांच्या गाडीत बसून मागोमाग.

भाच्यानं बॉनेट उघडलं, मीटर लावला. मालक बाजूला. पेंटर हात पुसत आला. तुम्ही स्टुलावर.

"आजी, बॅटरी टणाटण आहे. फ्यूजपर्यंत करंट येतोय. म्हणजे मेन कंट्रोलर गेला. बदलायला लागणार."

"आजी कोणाला म्हणतोस? मी तुझी आजी असते तर तू गणितात पास झाला असतास. तुझं यंत्र काय म्हणतं?"

"ते चालूच होत नाहीये."

"का?"

"ते गाडीतूनच करंट घेतं ना."

"म्हणजे पेशंट बेशुद्ध म्हणून डॉक्टरही बेशुद्ध."

पेंटर हसला. भाचा लाल झाला. मला थांबायला हवं होतं. पण मी तोंडाळ बाई, आणि मला तुमचं स्टूल वाचवायचं होतं. मी मालकाला म्हटलं, "गाडी माझी आहे. कोणाकडून बघून घ्यायची ते मी ठरवणार. वायरमननी दोष शोधला तर त्यांचं स्टूल हलणार नाही. कबूल?"

मालकाची बायको माझी विद्यार्थिनी. तो म्हणाला, "तुमच्या शब्दाबाहेर नाही, बाई. शोधू दे."

ही पैज मी लावली, वायरमन. तुम्ही नाही. हे मुलीला ऐकू द्या.

तुम्ही उठलात. घाई नाही. खिशातून बल्ब काढलात. चिमटा बॅटरीच्या एका टोकाला, खिळा दुसऱ्या टोकाला, बल्ब लागला. "बॅटरी आहे." मग खिळा बॅटरीच्या लाल टोकावर तसाच ठेवलात आणि चिमटा तिथून काढून गाडीच्या पत्र्याला, एका उघड्या स्क्रूला लावलात. बल्ब लागला नाही. ठिणगीसुद्धा नाही. मला जमिनीवरचा खडू आठवला आणि मी मनात म्हटलं, मिळालं. भाचा दर वेळी मीटरची काळी सुई बॅटरीच्याच काळ्या टोकावर ठेवत होता, मग त्याला करंट दिसणारच. वीज जात होती. परत यायला वाट नव्हती.

"एक जोडवायर दे," तुम्ही भाच्याला म्हणालात. बॅटरीचं काळं टोक आणि पत्रा, दोन्ही तिनं जोडलेत. गाडीतला दिवा लागला, काटे हलले, आणि मी हॉर्न दाबला, लांबलचक, मालकाच्या कानात. पेंटरनं टाळी वाजवली. चहा पिऊन होण्याच्या आत सापडलं होतं. मालक म्हणाला, "मानलं. स्टूल राहिलं."

तुम्ही ऐकलंही नसेल. तुम्ही तो काळा बोल्ट सोडवत होतात. वायर बाजूला केलीत आणि खालच्या पत्र्यावर अंगठा फिरवलात. थांबलात. नखानं खरवडलंत. मग विजेरी मागितलीत, डोळा अगदी जवळ नेलात, मग लांब, मग हातभर लांब. मी तुमच्या शेजारी उभी होते. मला जवळून दिसत होतं. बोल्टखाली सपाट, राखाडी प्रायमर. फक्त बोल्टाच्या आट्यांनी कडेला जरासा खरवडला होता, तेवढ्यावर दोन महिने निघाले. मग तिथे गंज धरला आणि सगळं थांबलं. चष्मा नसलेल्या माणसाला राखाडी प्रायमर काय आणि घासलेला पत्रा काय. दोन्ही एकाच रंगाचे.

मालक वाकला. "रंगावरच आवळलाय की हा. कोणी बसवला?" आणि त्यानं पेंटरकडे बघितलं. बघणारच, प्रायमर त्याचा. पेंटरचं तोंड उघडं. त्याला माहीत होतं कोणी बसवला ते, पण तो काही बोलला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

"मी बसवला," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही? न घासता?"

"घाईत राहिलं."

घाईत. आयुष्यात एकदाही घाई न केलेला माणूस मालकाच्या तोंडावर सांगतो घाईत राहिलं. भाचा म्हणाला, आणि त्याचं मला आता नवल वाटत नाही, त्याला चार वेळा बोल्ट उघडायला लावलं होतं तुम्ही: "मग शोधलं कसलं? स्वतः लपवलेलं स्वतःच काढलंत." मालक हसला नाही. त्यानं नुसतं स्टुलाकडे बघितलं. पैज संपली होती.

तुम्ही चूक कबूल केलीत त्याचा मला राग नाही. पेंटरच्या गळ्यात घातली असती तर मी तुमच्याशी परत बोलले नसते. राग याचा आहे की तुम्ही अर्धंच खरं बोललात. "मला जवळचं दिसत नाही, चष्मा तयार आहे, उद्या आणतो." एवढी तीन वाक्यं. मालक काही राक्षस नाही. ओरडला असता, स्टूल कदाचित ठेवलंही असतं. पण तुम्ही हलगर्जी म्हणवून घेतलंत, आणि डोळ्यांचं नाव काढलं नाहीत. तुम्हाला नालायक ठरणं चाललं, फाटकावर बसणं नाही.

आणि मी? मी तिथेच, तुमच्या शेजारी उभी होते. डॅशबोर्डच्या कप्प्यात पावती होती. काढून मालकाच्या नाकासमोर धरायची होती. मला वाटलं, गुपित तुमचं आहे, तुम्हीच सांगायला हवं. जन्मभर वर्गात बोलत आले आणि त्या एका मिनिटाला शहाणपणानं गप्प बसले. असलं शहाणपण काय चाटायचंय?

तुम्ही कानस घेतलीत. पत्रा घासलात, इतका की माझा चेहरा दिसावा. बोटानं चार वेळा तपासलात, बोल्ट आवळलात, जोडवायर काढलीत. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. मग बल्बभोवती वायर गुंडाळलीत, खिशात टाकलीत आणि महिनाअखेरीची वाट न बघता निघालात. फाटकावर वेल्डर उभा राहिला. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. माझ्याकडे बघितलं नाहीत.

चार दिवस मी फोन केला नाही. पाचव्या दिवशी तुमच्या घरी आले तर कुलूप. शेजारणीनं हा पत्ता दिला, म्हणाली, नवराबायको दोघंही मुलीकडे गेले, सामानाची गाडी येऊन गेली. एवढी घाई मात्र तुम्हाला जमली.

भाच्यानं तुमचं स्टूल टेबलाखाली सरकवलंय. परवा गेले होते, दुसऱ्या कोणाची मेलेली गाडी आली होती. त्यानं मीटरची काळी सुई आधी पत्र्याला लावली. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाला, "काय आजी?" मी म्हटलं, "काही नाही. चालू दे."

मुली, इथपर्यंत वाचलंस, आता त्यांच्याकडे बघ. मान खाली असेल. तिथे त्यांना नवा चष्मा करून देऊ नकोस; हा झालेला आहे, त्यांच्या नंबराचा, काळा, जाड, हेडमास्तरी. फक्त नाक बघून काड्या वाकवायच्या राहिल्या आहेत. त्यांनी स्वतः यायचं, आणि मी दुकानापर्यंत न्यायचं, असं ठरलं होतं. निदान मी तरी असं धरून चालले आहे. पावती अजून कप्प्यातच आहे. काल त्या दुकानावरून गेले. समोर गाडी लावायला भरपूर जागा होती. मी थांबले नाही.